बारेसी की माल्दिनी?

दोघेही इटलीच्या एसी मिलान या फुटबॉल क्लबचे बचावपटू, दोघांनीही आयुष्यात दुसऱ्या क्लबची जर्सी घातली नाही. पाओलो माल्दिनीचा हिशेब डोळे दिपवणारा: 1985 ते 2009, मिलानसाठी 902 सामने, 5 युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा). वडील चेझारे याच क्लबचे कर्णधार, त्यामुळे वारसा घरातूनच आला. डावा बॅक (बचावाची डावी बाजू) असो की सेंटर बॅक (बचावाची मधली जागा), कुठेही उभा करा, पठ्ठ्या निर्धास्त.

फ्रँको बारेसीला मात्र मिलान शहरातल्याच इंटर क्लबने लहानपणी नाकारलं. मिलान 1980 आणि 1982 मध्ये दोनदा खालच्या विभागात घसरला, तरी हा हलला नाही. उंची बेताची, पण हात वर करून तो बचावफळी एका दमात पुढे न्यायचा आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये (बचावफळीच्या मागे, नियमबाह्य जागी) सापडायचा. 1994 च्या विश्वचषकात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि हा गडी तीन आठवड्यांत ब्राझीलविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला! निकाल पेनल्टींवर गेला आणि पहिलीच पेनल्टी त्याने गोलच्या बारवरून मारली. नंतरचं त्याचं रडणं आजही बघवत नाही.

दीर्घ, सातत्यपूर्ण कारकीर्द हवी तर माल्दिनी. पण बचावफळीचा मेंदू कोण म्हणाल, तर माझं मत बारेसीला.