ड्रिलची १८ व्होल्टची बॅटरी निकामी झाल्यावर: डुप्लिकेट, सेल बदललेली आणि नवी ओरिजिनल, तिन्ही वापरून आलेला अनुभव

मी मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवण्याचं काम करतो, पुण्यात आणि आसपास. दिवसभर हातात १८ व्होल्टचं ड्रिल नाहीतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. मशीन वर्षानुवर्षं चालतं, आधी दम तोडते ती बॅटरी. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ४.० अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचा आकडा) दोन्ही बॅटऱ्या एकापाठोपाठ गेल्या. तेव्हापासून एक डुप्लिकेट, एक आतले सेल (बॅटरीच्या पोटातल्या छोट्या नळकांड्या) बदलून घेतलेली आणि एक नवी ओरिजिनल अशा तिन्ही एकाच कामावर फिरवतोय. पावसाळा, दिवाळीची घाई, हिवाळा सगळं झालं. आता ठामपणे लिहिता येईल.

दोन्ही बॅटऱ्या गेल्या, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. हा फरक कळला की पैसे वाचतात.

पहिली पूर्ण चार्ज व्हायची. चारही लाइट लागायचे, मल्टिमीटरवर २० व्होल्टच्या वर आकडा यायचा. साधे स्क्रू मारायला काही अडचण नाही. पण प्लायमध्ये बिजागरीचा ३५ मिमीचा बिट लावला की दोन सेकंदांत मशीन बंद. ट्रिगर सोडला की पुन्हा तीन लाइट. याला कारण सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेल आतूनच करंटला जो अडथळा करतो तो. चांगल्या पॅकचा, म्हणजे सगळे सेल मिळून झालेल्या बॅटरीचा, एकूण रोध ०.१ ओहम धरला, तर २० अँपिअर ओढताना २ व्होल्ट पडतात आणि मशीनला ते जाणवतही नाही. सेल म्हातारे होऊन तोच रोध ०.४ ओहमवर गेला की ८ व्होल्ट पडतात. वीसच्या पॅकमधून मशीनपर्यंत बाराच पोचतात, मग सर्किट मशीन बंद करतं. म्हणून नुसता मीटर लावून ‘बॅटरी चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लोडवर बघायला सांगा.

दुसरी चार्जरच घेत नव्हता. लावली की लाल दिवा भराभरा लुकलुकायचा. वॉरंटी संपलेली होती, म्हणून स्टार बिटने खालचे स्क्रू काढून उघडली. आत दहा सेल, दोन-दोनच्या पाच जोड्या, एकामागे एक जोडलेल्या. प्रत्येक जोडीवर मीटर लावला. चार जोड्या ३.८ च्या आसपास आणि एक २.३. सगळं दुखणं त्या एका जोडीत. लिथियम सेल भरल्यावर ४.२ व्होल्टला असतो आणि साधारण अडीचच्या खाली त्याला जाऊ द्यायचं नसतं. एक जोडी मागे पडली की बॅटरीतला सर्किट बोर्ड पूर्ण पॅक रोखून धरतो, आणि ते योग्यच आहे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा बॅटरीला दुसऱ्या चांगल्या बॅटरीच्या वायरी लावून ‘धक्का’ द्यायचे व्हिडिओ खूप फिरतात. ते करू नका. सेल दोन व्होल्टच्याही खाली बराच काळ पडून राहिला, तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नाही म्हणतोय तो याचसाठी. साईटवर प्लाय, थिनर, फेव्हिकॉल, भुसा सगळं जवळ असतं. लिथियमची आग लागली तर विझवता विझत नाही.

आता डुप्लिकेट. वर ६.० लिहिलेलं, किंमत ओरिजिनलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. हातात घेताच हलकी लागली. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. दहा सेलचेच साडेचारशे ग्रॅम झाले. ६.० ची बॅटरी जुन्या ४.० पेक्षा हलकी असेल तर छापलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. वजनकाटा तर भाजीवाल्याकडेही असतो, घेण्याआधी करून बघा. पहिला महिना बरी चालली, कपाटाच्या पाठीचे स्क्रू, हँडल, चॅनेल सगळं केलं. भिंतीत फिशरसाठी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची गुट्टी) भोकं पाडायला घेतली की मात्र चटका बसेल इतकी तापायची. पावसाळा संपेपर्यंत निम्म्यावर आली. उघडली तेव्हा सेलवर कंपनीचं नावच नाही, नुसती निळी पट्टी. त्याहून वाईट म्हणजे बोर्डापासून सेलपर्यंत दोनच वायरी, मधल्या जोड्यांना एकही नाही. म्हणजे एखादी जोडी मागे पडली किंवा जास्त भरली तरी कळायची सोयच नाही. ही बॅटरी मी आता रात्री घरात चार्जिंगला लावत नाही. कोणी विचारलं तर घेऊ नको असंच सांगतो.

सेल बदललेल्या बॅटरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याच पर्यायाबद्दल आपल्या लोकांच्या मनात सगळ्यात जास्त शंका असते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या भागात सेल बदलून देणारे कारागीर आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी आधी कुठल्या कंपनीची, कुठलं मॉडेल ते विचारलं. काही कंपन्यांच्या बोर्डात बिघाडाची नोंद कायमची बसते. मग नवे सेल टाकले तरी चार्जर घेत नाही आणि पैसे वाया जातात. माझा बोर्ड तसा नव्हता. त्यांनी सॅमसंगचे २५आर सेल काढले, २५०० मिलिअँपिअर-अवरचे आणि २० अँपिअर सलग देऊ शकणारे. पॉवर टूलला हेच लागतात. लॅपटॉपचे जुने सेल स्वस्तात टाकून देणारेही आहेत, पण ते एवढा करंट देण्यासाठी बनलेलेच नसतात.

त्यांची कामाची पद्धत बघण्यासारखी होती. प्रत्येक सेलचा रोध छोट्या मीटरवर मोजायचा, मिलिओहमचा आकडा मार्करने सेलवर लिहायचा, जवळजवळच्या आकड्यांच्या जोड्या लावायच्या. धन टोकाला कागदाची गोल चकती चिकटवायची, पट्टी घासून शॉर्ट होऊ नये म्हणून. मग निकेलची पट्टी ठेवून स्पॉट वेल्डिंग, एका सेलवर टिक-टिक असे चार ठिपके. सोल्डर गन सेलला लावली नाही, कारण तेवढ्या उष्णतेने नवा सेलही खराब होतो. पट्टी शुद्ध निकेलची आहे का, हेही विचारून घ्या. निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जास्त, ती स्वतःच तापते. शेवटी तापमान मोजणारा बारीक सेन्सर त्यांनी पुन्हा दोन सेलच्या मध्ये, होता त्याच जागी चिकटवला. हे फार महत्त्वाचं. तो मोकळा लोंबकळत राहिला तर बॅटरी कितीही तापली तरी चार्जरला पत्ता लागणार नाही.

खर्च नव्या ओरिजिनलच्या साधारण निम्मा आला. ४.० ची बॅटरी ५.० ची झाली. चार्जर जुनाच असल्याने पूर्ण चार्ज व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, तेवढं धरून चाला. इतके महिने झाले, सगळ्यात अवघड काम मी हिलाच देतो. ३५ चा बिट न थांबता जातो, काँक्रिटमध्ये भोकं पाडताना कोमट होते, गरम नाही. परवाच उघडून पाचही जोड्या मोजल्या, एकमेकींत फरक नावापुरताच. तक्रार एवढीच की वॉरंटी कारागिराच्या शब्दावर असते, कागदावर नाही. उघडताना केसच्या एका कडेला फट पडली आहे, तिथून भुसा जातो, म्हणून टेप लावून ठेवलीय.

नवी ओरिजिनल जशी असायला हवी तशी आहे. बिल आहे, वॉरंटी आहे, काही तक्रार नाही. शक्य असेल तर २.० ऐवजी ४.० घ्या, आणि नुसती जास्त वेळ चालते म्हणून नव्हे. मशीनने २० अँपिअर ओढले की २.० मधल्या प्रत्येक सेलवर पूर्ण २० चा भार येतो. ४.० मध्ये दोन सेल तो वाटून घेतात, प्रत्येकी १०. सेल कमी तापतो आणि जास्त वर्षं टिकतो. दुकानात कोणी ‘ही २० व्होल्टची आहे, जास्त पॉवर’ म्हणालं तर लक्ष देऊ नका. एकामागे एक पाच सेल, प्रत्येकी सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणजे १८, आणि तेच पाच सेल पूर्ण भरल्यावर २० च्या वर. बॅटरी एकच, फक्त लिहायची पद्धत वेगळी. आणि स्वस्त मशीनवर छापलेले ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असले आकडे तर व्होल्टच नाहीत.

बॅटरी मरते ती मुख्यतः उष्णतेने. एप्रिल-मेमध्ये साईटवर पत्र्याच्या शेडखाली पेटी ठेवली की आतली बॅटरी काम न करताच तापलेली असते. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करायची नसते, म्हणून चांगला चार्जर थांबून राहतो. भोकं पाडून काढलेली बॅटरी मी अर्धा तास फरशीवर सावलीत ठेवतो, मगच चार्जरला लावतो. पितृपक्षात कामं थंडावतात किंवा पोरं गावी जातात तेव्हा बॅटऱ्या निम्म्या चार्जवर ठेवतो. रिकामी ठेवली की बोर्ड थेंबथेंब करंट खात राहतो आणि एक दिवस चार्जर नाही म्हणतो. जुने मिस्त्री सांगतात की पूर्ण उतरवूनच चार्ज करावी. त्यांच्या निकेल-कॅडमियमच्या काळात त्याला कारण होतं. लिथियमला ते उलट घातक आहे.

बॅटरी वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपली असेल आणि मशीन चांगलं असेल तर सेल बदलणं मला आज सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, अट एकच, कारागीर माहितीचा हवा. घरात वर्षातून दोन-चारदा पडदे आणि फ्रेम लावण्यापुरतं ड्रिल हवं असेल तर वायरचं घ्या. पडून राहून खराब होण्यासारखं त्यात काही नाही.

निकामी बॅटरी कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. कचरा वेचणाऱ्या ताई तो हाताने वेगळा करतात आणि दाबल्या गेलेल्या सेलने गाडीतच आग लागते. दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरलाही हक्काने विचारा.

जुन्या १२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम ड्रिलमध्ये लिथियम टाकून मिळेल का, असं बरेच जण विचारतात. मिळतं, तीन सेल आणि त्यांचा बोर्ड त्या केसमध्ये मावतात. पण जुना चार्जर त्याच दिवशी बाजूला काढा. तो लिथियमला कुठे थांबायचं हे जाणत नाही. १२.६ व्होल्टला थांबणारा तीन सेलचा चार्जर सोबतच घ्या. तो देत नसतील तर ते काम तिथे करून घेऊ नका.