मृत जनावरांची जागेवर तपासणी करणारे पशुवैद्य : करवीर तालुक्यातील एका सेवेचा अनुभव

करवीर तालुक्याच्या पश्चिम भागात खाजगी व्यवसाय करणाऱ्या एका पशुवैद्यांच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. त्यांनीच सांगितल्यावरून त्यांचे नाव येथे देत नाही. आजारी जनावराला सलाईन लावणारे किंवा गाय भरवून देणारे डॉक्टर आपल्याकडे गावोगाव मिळतात. संशयास्पद अवस्थेत मेलेल्या जनावरापाशी येऊन, ते कशाने मेले आणि मेल्यानंतर त्याचे काय झाले, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून लेखी सांगणारे डॉक्टर मात्र फार थोडे आहेत, आणि अशा सेवेची गरज किती मोठी आहे हे आमच्या गावाने नुकतेच पाहिले आहे.

आमच्या भावकीतील एका घरची दुभती संकरित गाय रात्री दावे तोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोगावतीच्या काठावरील शेतांच्या वर असलेल्या मुरमाड माळावर मरून पडलेली सापडली. तिची जीभ नाहीशी झाली होती, एक डोळा नव्हता, कासेचा काही भाग आणि शेपटीखालचा भाग गोल कापून काढल्यासारखा दिसत होता, आणि आजूबाजूला ना रक्ताचा टिपूस होता ना कोणाच्या पायाचा ठसा. अर्ध्या तासात माळावर गर्दी जमली, करणीची भाषा सुरू झाली, आणि ज्या घराशी बांधावरून जुना वाद आहे त्या घराचे नावही घेतले गेले. कोणी देवऋषाला आणायला निघाले होते. गाईच्या मालकिणीने मात्र डॉक्टरांना फोन लावला.

फोनवरची त्यांची पहिली सूचना अशी होती की गाय हलवू नका, कोणालाही कापू देऊ नका आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. आल्यावर त्यांनी कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि ती पट्टी दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून येईपर्यंत गाईला हात लावायचा नाही, असे बजावले. आधी पोट फाडून बघा म्हणून लोक मागे लागले होते. त्यांना त्यांनी शांतपणे समजावले की जनावर अचानक मेले असेल तर पहिली शंका फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची, घ्यावी लागते. फाशीने मेलेले जनावर फाडले तर त्यातील जंतू हवेच्या संपर्कात येऊन कठीण कवचाची बीजे बनवतात, ती त्याच मातीत कित्येक दशके टिकतात आणि हा रोग माणसालाही होतो. पट्टी स्वच्छ निघाली आणि त्यानंतरच शवविच्छेदन झाले. त्या दुपारचे हे थांबणे अनेकांना वेळकाढूपणा वाटले. मला मात्र या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

त्यांनी जे दाखवले ते गर्दीतील प्रत्येकाला डोळ्यांनी पाहता आले. वरच्या बाजूचा डोळा गेला होता, पण जमिनीला टेकलेला डोळा जागेवर शाबूत होता. जखमांच्या कडांवर भिंग धरून त्यांनी दाखवले की कातडीवरचे केस पात्याने कापल्यासारखे एका रेषेत तुटलेले नव्हते आणि कडेला दातांच्या बारीक खाचा होत्या. मेल्यानंतर कातडी वाळते व आक्रसते, त्यामुळे कुरतडलेली कडादेखील लांबून सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत दिसते. जखमेभोवतीच्या मांसात रक्त उतरलेले नव्हते, म्हणजे हे सारे हृदय थांबल्यानंतर झाले होते. रक्त गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी खालच्या कुशीची कातडी उघडून दिले : ते अंगातच खाली उतरून साकळले होते. नाकपुड्यांच्या कडेला माश्यांनी घातलेल्या अंड्यांचे रव्यासारखे पांढरे पुंजके होते आणि त्यांतून अळ्या अजून बाहेर पडल्या नव्हत्या, त्यावरून मृत्यू रात्रीच झाला असावा आणि माश्या उजाडल्यावर बसल्या असाव्यात असा अंदाज त्यांनी बांधला. कुत्री, कोल्ही आणि कावळे मऊ भागांपासून, म्हणजे जीभ, डोळे, कास आणि गुदद्वारापासूनच सुरुवात करतात, कारण जाड कातडी फोडणे त्यांना अवघड जाते. मुरमाड माळावर ठसे उमटत नाहीत, हे तर गुराख्याच्या पोराला ठाऊक असते.

मृत्यूचे कारण पोटफुगी निघाले. येथे एक अडचण असते, ती अशी की मेलेल्या प्रत्येक जनावराचे पोट फुगतेच. डॉक्टरांनी अन्ननलिका लांबीला चिरून दाखवली : मानेतला भाग रक्त साठून लालभडक आणि छातीतला भाग फिकट, आणि दोहोंमध्ये स्पष्ट सीमा. हा फरक जिवंतपणी पोट फुगून छातीवर दाब आल्याची खूण आहे. कोठीपोटात फेसाळलेला, कोवळा लसूणघास भरलेला होता. दावे तोडून गाय कोणाच्या तरी लसूणघासात शिरली होती, एवढाच त्याचा अर्थ.

ही घटना आपल्या मुलखापुरती नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात १९६७ साली लेडी नावाची एक घोडी डोक्या-मानेवरचे मांस नाहीसे झालेल्या अवस्थेत सापडली, वृत्तपत्रांनी तिला स्निपी म्हटले, आणि १९७० च्या दशकात अनेक राज्यांतून गाईगुरांच्या अशाच बातम्या येऊ लागल्या. तेथे संशय परग्रहावरील यानांवर, गुप्त पंथांवर आणि सरकारी हेलिकॉप्टरांवर गेला. चंद्रावर जाऊन आलेले सिनेटर हॅरिसन श्मिट यांनी १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोत परिषद बोलावली. त्यानंतर एफबीआयमधून निवृत्त झालेले केनेथ रोमेल यांनी सरकारी निधीतून तपास केला आणि १९८० च्या अहवालात बहुतेक प्रकरणांचे खापर मृत जनावरे खाणाऱ्या प्राण्यांवर फोडले. आर्कान्सासमधील एका शेरीफच्या कार्यालयाने तर मेलेली गाय शेतात ठेवून तिच्यावर पहारा दिला, आणि ४८ तासांच्या आत फुगवट्याने कातडी चिरल्यासारखी फाटली व अळ्यांनी आतला भाग साफ केला. तरीही सर्वच कोडी सुटलेली नाहीत : ओरेगॉनमध्ये २०१९ साली पाच वळू जीभ व जननेंद्रिये नसलेल्या अवस्थेत सापडले आणि २५,००० डॉलरचे इनाम लावावे लागले. आमच्या डॉक्टरांनीही ‘हे नेहमी कुत्र्यांचेच काम असते’ असे कोठेही म्हटले नाही. पात्याची खूण दिसली असती तर तीही लिहिली असती, असे ते मालकिणीला म्हणाले, आणि माझा विश्वास बसला तो याच वाक्यामुळे.

आपल्याकडे आणखी एक कारण असावे असे मला वाटते. माझ्या लहानपणी माळावर टाकलेले ढोर गिधाडे काही तासांत संपवत, त्यामुळे अर्धवट कुरतडलेले धूड पाहण्याचा प्रसंगच क्वचित येई. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ते औषध दिलेली ढोरे खाऊन, गिधाडे मेली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. आता तेच काम कुत्री आणि कावळे सावकाश करतात, आणि त्या संथपणात माणसांना संशय घ्यायला पुरेसा वेळ मिळतो.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे म्हणून तिला बदनाम करणे हा गुन्हा आहे. डॉक्टरांनी आपला निष्कर्ष पोलीस पाटलांसमोर, ज्या घराचे नाव घेतले गेले होते त्या घरातील आजींना बोलावून, सर्वांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. ‘आजी, तुम्ही पुढे बसा,’ असे ते आवर्जून म्हणाले. हे त्यांच्या कामात मोडत नाही आणि त्याचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अहवाल इंग्रजीत आहे. मराठीत एक पान जोडले असते तर मालकिणीला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला नसता. छायाचित्रे मागूनही उशिरा मिळाली. खड्डा, चुना आणि जेसीबीची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते, हे त्यांनी फोनवरच सांगायला हवे होते. तपासणीचे १,५०० रुपये आणि गाडीचा खर्च वेगळा, हे छोट्या शेतकऱ्याला जड आहे. पण गाईचा विमा असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल लागतोच.

ज्यांना या डॉक्टरांना बोलवायचे असेल त्यांनी दिवस मावळण्याआधी फोन करावा, कारण अंधारात ते विच्छेदन करत नाहीत. विमा कंपनीला गाय पुरण्यापूर्वी कळवावे आणि कानातला बारा अंकी बिल्ला गाईबरोबर खड्ड्यात जाऊ देऊ नये.