दुधाचा हिशोब आणि इझीजीयूआय: पायथन नव्याने शिकणाऱ्यांसाठी कसं आहे

माझ्या भाचीने अकरावी-बारावीला आयटी घेतलं होतं, त्यामुळे जावास्क्रिप्टमधलं प्रॉम्प्ट आणि अलर्ट (एक छोट्या खिडकीत प्रश्न विचारतं, दुसरं निरोप दाखवतं) तिला चांगलं माहीत. सुट्टीत पायथन सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी विचारते, "मामा, यात ती छोटी खिडकी येत नाही का प्रश्न विचारायला?" काळ्या स्क्रीनवर इनपुट-प्रिंट (म्हणजे प्रश्न विचारणं आणि उत्तर छापणं) चालत होतं तिचं, पण ते आजीला दाखवलं तर आजीला काही कळेना, आणि प्रोग्राम तर आजीच्याच दुधाच्या हिशोबाचा होता. म्हणून खिडकी हवी.

पायथनसोबत खिडक्या बनवायचं टीकिंटर येतं, पण त्यात आधी मुख्य खिडकी बनवा, मग लेबल, मग बटण, बटण दाबल्यावर कुठलं फंक्शन चालेल ते सांगा, शेवटी खिडकी चालू ठेवणारं मेनलूप... जिने पायथन नुकतंच सुरू केलंय तिच्यासाठी हे फार होतं. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे प्रोग्राम वरून खाली वाचता येत नाही, बटण दाबलं की उडी मारून दुसरीकडेच जातो. टीकिंटरमध्ये सिंपलडायलॉग नावाचा भाग आहे, तो बरा आहे खरं तर, पण तिच्या लॅपटॉपवर जुनं पायथन होतं आणि ३.१० च्या आधीच्या व्हर्जनमध्ये त्याच्यासोबत मागे एक रिकामी खिडकी उघडी राहते, ती लपवायला अजून दोन ओळी. त्या दोन ओळी कशासाठी हे सांगायचं तर परत मुख्य खिडकीवर यावं लागतं.

मग इझीजीयूआय घेतलं, म्हणजे अशा तयार छोट्या खिडक्या देणारी पायथनची लायब्ररी. फुकट आहे, पिपने (पायथनच्या लायब्ररी उतरवून घ्यायची कमांड) अर्ध्या मिनिटात इन्स्टॉल होतं. स्टीफन फर्ग नावाच्या माणसाने बनवलेलं, २०१३ मध्ये त्याने ते सोडलं आणि पुढे दुसऱ्यांनी सांभाळलं. आतून ते टीकिंटरच वापरतं पण ते आपल्याला दिसत नाही. एन्टरबॉक्स लिहिलं की खिडकी येते, उत्तर मिळेपर्यंत प्रोग्राम तिथेच थांबतो, उत्तर व्हेरिएबलमध्ये येतं आणि पुढची ओळ चालते. एवढंच. इनपुटच्या जागी एन्टरबॉक्स आणि प्रिंटच्या जागी एमएसजीबॉक्स, बाकी तिचा प्रोग्राम जसाच्या तसा. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, कारण तिने आत्तापर्यंत जे शिकलं होतं त्यातलं काहीच मोडावं लागलं नाही.

आता जिथे आम्ही अडकलो ते सांगतो, कारण तुम्हीही तिथेच अडकाल.

पहिलं, इंटिजरबॉक्स. नावाप्रमाणे फक्त पूर्ण आकडा घेतो, कुणी अक्षरं टाकली तर स्वतःच परत विचारतो, फार छान. पण आजीने दूधवाल्याला दिलेला ५०० रुपये अ‍ॅडव्हान्स टाकला तर घेईचना! आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो, आणि निघालं काय तर आपण मर्यादा दिली नाही तर तो ० ते ९९ एवढंच घेतो. अप्परबाउंड, म्हणजे वरची मर्यादा, आपण स्वतः लिहून द्यायचा. शिकाऊ मुलांसाठी बनवलेल्या गोष्टीत अशी मर्यादा का ठेवली मला खरंच पटलेलं नाही, शंभरपैकी शंभर मार्क टाकायचा साधा प्रोग्रामसुद्धा इथे अडतो.

दुसरं, दशांशासाठी वेगळा बॉक्सच नाही. आणि दूध तर दीड लिटर! म्हणजे एन्टरबॉक्सने मजकूर घ्या, फ्लोटने आकडा करा, कुणी "दीड" असं अक्षरात लिहिलं तर एरर पकडा, कॅन्सल दाबलं तर एन्टरबॉक्स नन (None, म्हणजे काहीच नाही) परत देतो तेही बघा (नन सरळ फ्लोटला दिला की प्रोग्राम तिथेच पडतो). हे सगळं लिटरला एकदा, दराला एकदा असं परत परत लिहायला लागलो तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं याचं एक फंक्शन कर. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत चालतं, तर तिने नाव ठेवलं आकडा_विचार. आत एक लूप, बरोबर आकडा येईपर्यंत विचारत राहायचं, कॅन्सल आलं तर नन परत द्यायचा, तो आला की मुख्य प्रोग्रामने नीट बंद व्हायचं. दहा-बारा ओळी झाल्या असतील. त्यानंतर खालचा प्रोग्राम असा झाला की आजीलासुद्धा वाचून दाखवता येतो: लिटर विचार, दर विचार, दिवस विचार, गुणाकार, दाखव. फंक्शन कशाला लागतं हे मी आधी दोनदा समजावलं होतं, तेव्हा नुसती मान हलवली होती तिने. इथे मात्र स्वतःहून म्हणाली की दाखव याचंही फंक्शन करू.

दाखवचीही गंमत झाली. प्रिंटमध्ये आपण "एकूण" नंतर स्वल्पविराम देऊन आकडा लिहितो ना, तसंच तिने एमएसजीबॉक्समध्ये लिहिलं. खिडकीत नुसतं "एकूण" दिसलं, आकडा गायब. तो वर टायटलच्या पट्टीत जाऊन बसला होता, कारण दुसरी जागा टायटलची असते. मग एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या आतच व्हेरिएबल लिहायची सोय) आकडा घालून एकच मजकूर दिला, आणि २७००.० असं यायचं ते दोन दशांशांवर आणलं. दीड लिटर, ६० चा दर, ३० दिवस, २७०० रुपये, आजीच्या वहीशी जुळलं.

एक गोष्ट मला फारच आवडली, आजीने आकडे मराठीत टाकले, म्हणजे ३० असेच देवनागरीत, आणि चाललं! पायथनचे इंट (मजकुराचा पूर्ण आकडा करणारं) आणि फ्लोट देवनागरी अंक ओळखतात. जावास्क्रिप्टच्या नंबरला हे जमत नाही.

मल्टएंटरबॉक्समध्ये एकाच खिडकीत सगळे रकाने येतात, दिसायला छान, पण सगळं मजकुराच्या यादीत परत येतं आणि एखादा रकाना रिकामा राहिला तर तपासणी आपणच करायची. सुरुवातीला नका घेऊ.

गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गूगलची सोय) हे चालणार नाही, तिथे खिडकी उघडायला स्क्रीनच नसते. उबंटूवर टीकिंटर वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, आणि माझ्या उबंटूवर मराठी जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटक दिसल्या, तिच्या विंडोजवर व्यवस्थित होत्या. आणि कृपया स्वतःच्या फाइलला इझीजीयूआय हेच नाव देऊ नका, पायथन तुमचीच फाइल इम्पोर्ट करतं आणि एन्टरबॉक्स सापडत नाही म्हणतं.

दिसायला जुनाट आहे, खिडक्या करड्या, रंग-फॉन्टचं फार काही हातात नाही. ज्याला खरं अ‍ॅप करायचंय त्याने पुढे टीकिंटरच शिकावं. पण पहिल्या दोन महिन्यांसाठी मी पाचपैकी चार देईन, एक कापला तो त्या ९९ साठी. भाचीने आता खाड्यांचे दिवस वजा करायला घेतलेत, त्यासाठी आकडा_विचारला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन मर्यादा जोडतेय.