तोरिनो की बोलोन्या? निर्णय घराच्या कागदावर

डिजिटल नोमॅड व्हिसावर, म्हणजे परदेशी कंपनीचं काम लांबून करणाऱ्यांसाठीच्या व्हिसावर, इटलीत यायचं ठरलं की शहरांची यादी लवकरच आखडते. मिलान भाड्यामुळे सुटतं, रोम तिथल्या बस-मेट्रोमुळे, आणि उत्तरेत राहू इच्छिणाऱ्यांच्या हातात बहुधा दोन नावं उरतात: तोरिनो, म्हणजे आपण ज्याला ट्युरिन म्हणतो ते, आणि बोलोन्या. फायबर इंटरनेट दोन्हीकडे चांगलं आहे. वेगवान गाडीने मिलान दोन्हीकडून साधारण तासाभरावर. भर पावसात छत्री न उघडता चालता येईल असे कमानींचे पदपथ दोन्हीकडे. मी तोरिनो निवडलं. बोलोन्या मला आजही जास्त देखणं वाटतं, तरीसुद्धा. ज्या गोष्टीने तराजू झुकला ती चार दिवस फिरायला येणाऱ्याला दिसत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी बोलोन्याची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. वस्ती चार लाखांच्या आत, स्टेशनातून चालत निघालं की वीसेक मिनिटांत पियात्सा माज्जोरे, म्हणजे मुख्य चौक. जुन्या शहरातल्या कमानींची लांबी ३८ किलोमीटर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. रेल्वेच्या बाबतीत तर इटलीत याहून सोयीची जागा सापडणं कठीण: फिरेन्झे (फ्लोरेन्स) पाऊण तासाच्या आत, रोम दोन तासांपेक्षा थोडं जास्त. विमानतळ ते स्टेशन मोनोरेल सात मिनिटांत पोचवते. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे एमिरेट्सचं दुबई–बोलोन्या विमान आहे, त्यामुळे मुंबईहून एकच थांबा घेऊन दारात उतरता येतं. तोरिनोचा विमानतळ २०२४ पासून रेल्वेने शहराशी जोडला गेला आहे, पण भारतात जायचं तर बहुतेक वेळा मिलानचा मालपेन्सा विमानतळ गाठावा लागतो, म्हणजे बसने जवळपास दोन तास.

हा मुद्दा नुसत्या सोयीचा नाही. तुमचा डी व्हिसा (ज्यावर इटलीत आलात तो लांब मुदतीचा व्हिसा) संपला आणि पहिलं पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याचा परवाना, अजून छापून आलं नाही, तर हातात अर्जाची फक्त पावती असते. त्या पावतीवर इटलीतून बाहेर जाता येतं आणि इटलीत परतता येतं, पण वाटेत दुसऱ्या शेंगेन देशात उतरता येत नाही. फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲम्स्टरडॅम असे थांबे तेव्हा बाद. आखातातून जाणं चालतं. घरी आजारी आई-वडील असतील आणि अचानक निघावं लागण्याची शक्यता असेल, तर बोलोन्याच्या पारड्यात हे वजन जरूर टाका.

आता घर.

नोमॅड व्हिसासाठी उत्पन्न, पदवी किंवा अनुभव, आरोग्य विमा हे सगळं बरेच जण जमवतात. अडतं ते निवासाच्या पुराव्यावर, आणि इटलीत पोचल्यावर पुन्हा त्याच कागदावर अडतं. कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे: क्वेस्तूरातला, म्हणजे पोलीस मुख्यालयातला, पेर्मेस्सोचा अर्ज (आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत), नगरपालिकेतली रेसिदेन्त्सा, म्हणजे रहिवासाची नोंद, तिच्यावर मिळणारं ओळखपत्र, वर्षाने करायचं नूतनीकरण. हवा असतो तुमच्या नावाचा, आजेन्त्सिआ देल्ले एन्त्राते या कर कार्यालयात नोंदवलेला, पुरेशा मुदतीचा भाडेकरार. हॉटेलचं किंवा पर्यटकांसाठीच्या घराचं आरक्षण तिथे फार दूर नेत नाही.

बोलोन्यात हाच कागद मिळवणं जिवावर येतं. तिथलं विद्यापीठ १०८८ पासूनचं, विद्यार्थी दहा-हजारांच्या पटींत, आणि शहर लहान. मालकाला तीन खोल्यांचं घर एका कुटुंबाला देण्यापेक्षा खोली-खोलीने विद्यार्थ्यांना दिलं तर जास्त भाडं सुटतं. त्यामुळे एकट्याला किंवा जोडप्याला हवं असलेलं बिलोकाले, म्हणजे एक झोपायची खोली आणि एक बाहेरची, बाजारात फार वेळ टिकत नाही. जाहिरात सकाळी दिसते, दुपारी फोन केला तर भेटी बंद झालेल्या असतात. मालकाला निवड करायची असते, आणि तो निवड करतो बुस्ता पागा पाहून, म्हणजे इटालियन कंपनीची पगारपावती. शक्यतो शेवटच्या तीन पावत्या, कायम नोकरीचा करार, वर एखादा इटालियन जामीनदार. आपल्याकडे असतं पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट. उत्पन्न त्या पगारदारापेक्षा दुप्पट असलं तरी मालकाच्या लेखी ते न तपासता येणारं उत्पन्न. रांगेत मागे बुस्ता पागावाला उभा असताना तो तुमच्यासाठी थांबत नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही थांबलो नसतो.

तोरिनोचा इतिहास वेगळा. फियाटच्या भरभराटीत, १९७० च्या दशकात, शहराची वस्ती बारा लाखांपर्यंत गेली होती. आज ती साडेआठ लाखांच्या आसपास आहे. दक्षिण इटलीतून आलेल्या कामगारांसाठी बांधलेल्या त्या इमारती मात्र जागेवर आहेत: बोर्गो सान पाओलो, सांता रीता, लिंगोत्तो. पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठामुळे विद्यार्थी इथेही पुष्कळ आहेत, पण शहर त्यांना सामावून घेतं. परिणाम असा की इथला मालक उलट फोन करतो. कागद पाहतो, शंका विचारतो, आणि तुम्ही नीट उत्तर दिलंत तर पुढे सरकतो. भाड्याचंही तसंच. माझ्या पाहण्यात तोरिनोत सहाशे ते आठशे युरोंत ठीकठाक सामानासह बिलोकाले मिळतं. बोलोन्यात तेवढ्यात बहुधा चांगली खोली, स्वयंपाकघर इतरांबरोबर वाटून. सगळ्यांचा अनुभव असाच असेल असं म्हणत नाही. इटालियन बोलणारा ओळखीचा माणूस बोलोन्यात असेल तर चित्र पालटू शकतं.

फाइल मात्र दोन्हीकडे सारखीच लावावी लागते. एकाच पीडीएफमध्ये पासपोर्ट, व्हिसा (किंवा व्हिसाच्या अर्जाची पावती), कोदिचे फिस्काले (इटालियन कर क्रमांक), नोकरीचा करार आणि त्याचा एक पानी इटालियन सारांश, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, गेल्या वर्षीचं आयकर विवरणपत्र. कोदिचे फिस्काले भारतातूनच, वाणिज्य दूतावासामार्फत मागवता येतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांसाठी तो मुंबईतला. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. तीन महिने द्यायची तयारी पहिल्याच मेलमध्ये लिहा, तोरिनोत या एका ओळीने बोलणं पुढे जातं. एजन्सी असेल तर साधारण एका महिन्याचं भाडं आणि वर २२ टक्के इव्हा, म्हणजे व्हॅट, धरून चाला.

कराराचा प्रकार नीट पाहा. चार अधिक चार आणि तीन अधिक दोन वर्षांचे करार लांब मुदतीचे. विद्यार्थ्यांचा करार तुमच्या कामाचा नाही. नोमॅडच्या वाट्याला बहुधा त्रान्सितोरिओ येतो: जास्तीत जास्त अठरा महिने, आणि तात्पुरती गरज का आहे ते करारात लिहून तिचा कागद जोडावा लागतो. तुमचं नोकरीचं पत्र इथे कामी येतं. बारा महिन्यांपेक्षा कमी घेऊ नका, नाहीतर पेर्मेस्सोच्या नूतनीकरणाच्या वेळी करार संपत आलेला असतो. मालकाने चेदोलारे सेक्का ही करपद्धत निवडली असेल तर नोंदणी शुल्क आणि मुद्रांक लागत नाही, शिवाय तेवढ्या काळात महागाई निर्देशांकानुसार भाडं वाढवता येत नाही. करार तीस दिवसांत नोंदवायचा असतो. ‘नोंदणी नको, शंभर युरो कमी घेतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. ते शंभर युरो नूतनीकरणाच्या खिडकीपाशी फार महाग पडतात.

आणखी एक चिठ्ठी लोक विसरतात. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घर दिलं की मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्याची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, क्वेस्तूरात विचारतात.

‘रेसिदेन्त्सा मिळणार नाही’ असं लिहिलेल्या जाहिराती दोन्ही शहरांत दिसतात, बोलोन्यात मला जास्त दिसल्या. कायद्याने तुम्ही जिथे खरोखर राहता तिथे नोंद करता येते. पण अर्जानंतर ४५ दिवसांत नगरपालिकेचा पोलीस केव्हाही दारात येतो आणि सगळ्यात आधी खालच्या घंटीवर आणि पत्रपेटीवर तुमचं नाव आहे का ते बघतो. मालक नाव लावू देत नसेल तर माणूस घंटी न वाजवताच परत जाऊ शकतो आणि अर्ज अडकतो. म्हणून अर्ज टाकण्याच्या दिवशीच दोन्हीकडे नाव लावा, पासपोर्टवर आहे अगदी तसंच, आडनावासकट. ४५ दिवसांत हरकत आली नाही तर नोंद पक्की.

घर मिळालं की बाकीच्या गोष्टी दोन्हीकडे जवळपास सारख्या. विजेचा करार बहुधा ३ किलोवॅटचा असतो. इंडक्शन, पाण्याचा विजेचा बॉयलर आणि ओव्हन एकत्र लावले की मीटरचा खटका पडून वीज जाते, आणि मीटर बऱ्याचदा तळघरात असतो. मीटिंगच्या वेळी कुकर लावणाऱ्यांनी बॉयलरला टायमर बसवावा, किंवा क्षमता ४.५ पर्यंत वाढवून घ्यावी. हीटिंग दोन्ही शहरांत १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. तोरिनोच्या मोठ्या भागात गरम पाण्याच्या शहरव्यापी वाहिन्यांवरून ऊब येते, तिचा खर्च इमारतीच्या मासिक वर्गणीत असतो. भाड्याच्या आकड्यात ही वर्गणी धरली आहे की नाही ते विचाराच, हिवाळ्यात फरक शंभर-दीडशे युरोंचा पडू शकतो. रेसिदेन्त्सा झाल्यावर वीजबिलात टीव्हीचं वार्षिक ९० युरो शुल्क येतं. टीव्ही नसेल तर तसं निवेदन ३१ जानेवारीपर्यंत द्यायचं.

कामाची वेळ हा दुसरा मुद्दा, घराच्या खालोखाल. भारतीय कंपनीसाठी काम करत असाल तर आपले सकाळचे दहा म्हणजे तिथे हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा. रात्री साडेनऊ-दहाला झोप हवी. बोलोन्यात विद्यापीठाच्या आसपास, व्हिया झांबोनी आणि पियात्सा व्हेर्दीच्या भागात, किंवा व्हिया देल प्रातेल्लोवर ते शक्य नाही; उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवली तर मध्यरात्रीनंतरही गल्ली बोलत असते. तोरिनोत सान साल्वारिओ आणि पियात्सा व्हित्तोरिओ तसेच आहेत, पण क्रोचेत्ता, चित तुरीन, बोर्गो सान पाओलो इथे दहा वाजता रस्ता शांत होतो, आणि चित तुरीनला तर मेट्रो दारात. अमेरिकी कंपनीसाठी दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत काम असेल, तर हा मुद्दा गळून पडतो आणि मोकळ्या सकाळी हिंडायला बोलोन्या जास्त छान.

हवेबाबत तोरिनोची बाजू मी घेणार नाही. दोन्ही शहरं पो नदीच्या खोऱ्यात, पण तोरिनोला तीन बाजूंनी डोंगर, त्यामुळे हिवाळ्यात धुरकं साठून राहतं. दमा असलेल्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. त्याच डोंगरांमुळे शनिवारी सकाळी लोकल गाडीने दीडेक तासात बार्दोनेक्कियाला बर्फात पोचता येतं, ही दुसरी बाजू. डास दोन्हीकडे आहेत, जाळी बरोबर आणा.

शाकाहारी मंडळींसाठी बोलोन्या थोडं अवघड. तोर्तेल्लिनीत डुकराचं मांस असतं, आणि पियादिना किंवा क्रेशेन्तिनेसारख्या निरागस दिसणाऱ्या भाकरीच्या पिठातही परंपरेने डुकराची चरबी घालतात. तेलातली मिळते, पण दरवेळी विचारावं लागतं. रिकोत्ता भरलेले तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांत, हा तिथला भरवशाचा पदार्थ. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने करतात, कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी दोन्ही शहरांत जपावं. तोरिनोतल्या पिझ्झेरियांत फारिनाता मिळते: बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेली, चवीला आपल्या धिरड्याच्या जवळची. बेसन दोन्हीकडे कुठल्याही सुपरमार्केटात ‘फारिना दि चेची’ म्हणून असतं. डाळी, हिंग, कढीपत्ता यांसाठी तोरिनोत पोर्ता पालात्सोच्या बाजारामागच्या गल्ल्या, बोलोन्यात बांगलादेशी किराणा दुकानं.

तर बोलोन्या कोणी घ्यावं? ज्यांच्या जोडीदाराकडे इटालियन पगारपावती आहे, ज्यांना महिन्यातून दोनदा रोम-फिरेन्झे करावं लागतं, किंवा भाड्यासाठी महिन्याला हजार-बाराशे युरो सहज काढता येतात, त्यांनी. बाकीच्यांना मी तोरिनोच सांगेन.

कुठलंही घ्या, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत घर शोधू नका, तेव्हा विद्यार्थी शोधत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत मालकाकडे ऐकायला वेळ असतो. आणि सही करण्याआधी मालकाकडून मेलवर, लेखी, चार उत्तरं घ्या: करार कधी नोंदवणार, रेसिदेन्त्साला हरकत आहे का, इमारतीची वर्गणी भाड्यात धरली आहे का, आणि घंटीवर नाव कोण लावणार.