लाकूड डागायचा पेन: सात महिने वापरल्यानंतर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तापलेल्या टोकाने लाकडावर नक्षी डागायचा पेन-संच ऑनलाइन मागवला. किंमत १,२४९ रुपये. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतली माझी नोकरी जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते, म्हणजे ही रक्कम माझ्यासाठी लहान नव्हती. खोका उघडताना आई म्हणाली, "काहून घेतलं हे? आधी नोकरी पाह्य ना." मी म्हटलं, "पाहूनच राहिली ना आई. पण अर्ज भरायला दोन तास लागतात. उरलेल्या दिवसाचं काय करू?"

हा पेन घ्यावा का, असं मला आजवर बऱ्याच जणींनी विचारलं. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकते.

खोक्यात ६० वॅटचा पेन होता. त्याच्या मुठीवर २०० ते ४५० अंशांची चकती, पितळेची वीसेक टोकं, एक पत्र्याचा स्टँड आणि प्लास्टिकचे छाप, म्हणजे अक्षरं गिरवायच्या स्टेन्सिल. पेन दोन-तीन मिनिटांत तापतो आणि तीन-तीन तास सलग चालवला तरी अजून एकदाही बंद पडलेला नाही. इतक्या पैशांत एवढं मिळालं, याचं मला समाधान आहे. वीस टोकांपैकी कामाची मात्र चारच: चाकूच्या पात्यासारखं, गोल मण्याचं, तिरकं कापलेलं आणि छायेसाठी चमच्यासारखं चपटं. बाकीची मी दोनदा लावून पाहिली आणि डबीत ठेवून दिली.

तक्रारी दोन आहेत, आणि दोन्ही खऱ्या. एक, बोटं धरायची जागा टोकापासून फार लांब आहे. शाईच्या पेनासारखं जवळ धरायला गेलं की चटका बसतो, आणि लांबून धरलं की हात थरथरतो. तळहाताची कड लाकडावर टेकवून लिहायची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. दुसरी तक्रार आट्यांची. गरम असताना टोक बदललं की पितळेचे आटे झिजतात, आणि गार झाल्यावर ते आतच घट्ट बसतं. माझं मण्याचं टोक असंच मोडून आत अडकलं. तेव्हापासून नियम केला: पेन बंद करायचा, वीस मिनिटं थांबायचं, मग पकडीने हलकेच फिरवायचं आणि नवीन टोक बसवताना कधीही कचकचून आवळायचं नाही. संचासोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती. असायला हवी होती.

पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या लाकडावर घालवले. घरात एमडीएफचा तुकडा पडला होता, त्यावर सुरू केलं. दहा मिनिटांत डोळ्यांतून पाणी आणि घशात खवखव. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि डिंक. त्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं आणि जाळलं की ते सरळ नाकात जातं. प्लायवुडच्या थरांतही डिंकच. पॉलिश किंवा व्हार्निश मारलेल्या जुन्या फर्निचरचंही तेच. या तिन्हींवर पेन टेकवू नका, हे मी हात जोडून सांगते.

मग मामाने एका गोदामातून पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्या आणल्या, फुकट. फळी उलटून पाहिली तर त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि बाजूला 'एमबी' अशी इंग्रजी अक्षरं. बुटीबोरीत मी चार वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात होते. बाहेरून आलेल्या मालाच्या पॅलेटवर हा शिक्का रोज बघायचे. 'एचटी' असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवून कीड मारलेली असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, विषारी वायूची धुरी. मामाला वाईट वाटलं, पण त्या फळ्या मी परत पाठवल्या. एचटीचा शिक्का असला तरी त्या पॅलेटवर आधी काय सांडलं असेल ते कळायला मार्ग नसतो, म्हणून भेटवस्तूसाठी मी पॅलेट घेतच नाही.

शेवटी लकडगंज गाठलं. नागपूरकराला लाकूड हवं असलं की दुसरीकडे जायची गरज नाही. आरामशीनचा आवाज, रस्त्याच्या कडेला उभे केलेले ओंडके, पायाखाली भुसा. मी सरळ सागवान मागितलं. आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान, हे लहानपणापासून ऐकलेलं. टालीवरच्या, म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या, काकाजींनी विचारलं, "कायले पाह्यजे?" मी पिशवीतून पेन काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मंग सागवान नको घेऊ पोरी. त्याले तेल रायते, अन् रंग आधीच काळपट. तुही नक्षी दिसनच नाही. हळदू घेऊन जा. नाही तं शिवण."

हळदू मी तोवर ऐकलंही नव्हतं. नावासारखंच पिवळसर, घट्ट आणि इतकं बारीक रेषांचं की टोक त्यावरून कागदावर फिरावं तसं फिरतं. पूर्वी याच्या फण्या करत, असं काकाजी म्हणाले. शिवण त्याहून हलकं आणि फिकट, पावसाळ्यातही फारसं वाकत नाही, त्यामुळे पाट्यांसाठी मी तेच वापरते. स्वस्त मिळतं म्हणून पाइनही घेऊन पाहिलं. पाइनची एक रेष मऊ आणि तिच्या शेजारची कडक असते, मऊ रेषेत टोक रुततं आणि कडक रेषेवर अडतं. शिवाय गाठीपाशी राळ उकळून वर येते. काकाजी मला छाटणीचे तुकडे किलोवर देतात. पाच किलोत महिनाभराचं काम होतं. पेनाइतकंच महत्त्व या माणसाला आहे, असं मी मनापासून मानते.

तुकडा घरी आणला की लगेच डागायचा नाही. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २४०. नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचा. दबलेले धागे उभे राहतात, त्यांच्यावर ३२० फिरवायचा. एका कीचेनला या तयारीत वीस मिनिटं जातात आणि डागायला पंधरा. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांनी हा छंद घेऊ नये.

आता अक्षरांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त आनंद तिथेच मिळाला. संचातले छाप सगळे इंग्रजी अक्षरांचे, सोबत दोन फुलपाखरं. मराठीचं काहीच नाही. म्हणून अक्षरं कागदावर स्वतः काढायची आणि ग्राफाइटच्या कागदाने लाकडावर उतरवायची. साधा कार्बन पेपर वापरू नका, त्याची निळी रेघ खोडरबराने जात नाही. देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची. सरळ, लांब आणि लाकडाच्या दहा-बारा रेषा ओलांडून जाणारी. एका दमात ओढायला गेलं की मध्येच जाड होते, मध्येच फिकी. मी आधी अक्षरं पूर्ण करते आणि शिरोरेषा शेवटी, पात्याच्या टोकाने, बोटभर-बोटभर ओढते. प्रत्येक ओढीत टोक टेकण्याआधीच हात चालता हवा आणि थांबण्याआधी टोक उचललेलं हवं, नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी काळा ठिपका पडतो. वेलांटी आणि रफार काढताना हात वळवायचा नाही, पाटी फिरवायची. 'श्री' मला सहाव्या दिवशी जमला. तो तुकडा अजून देवघरात आहे.

नागपूरचा मे महिना आणि हा पेन यांचं जमत नाही. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर, आणि कूलरचा झोत टोकावर आला की ते गार पडतं. चकती ४०० वर असूनही रेघ फिकी येते. कूलर बंद केला तर घामाचे थेंब लाकडावर पडतात. त्यातच वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा लागून घासून ठेवलेले तुकडे पुन्हा खरबरीत होतात. शेवटी मी वेळच बदलली. पहाटे साडेपाच ते आठ, गच्चीच्या जिन्यात, एक छोटा पंखा धूर बाहेर ओढेल असा उलटा ठेवून. तोंडाला मास्क. साधं लाकूड जळतानाचा धूरही रोज रोज आत घेण्यासारखा नसतोच. जिन्यातला बोर्ड बाबांनी आधी तपासून अर्थिंग घालून घेतलं.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. ज्या जवसाची चटणी आपल्या ताटात असते त्याचंच घाण्यावर काढलेलं तेल. ते सावकाश वाळतं, चार-पाच दिवस लागतात, पण लाकडाचा रंग खुलतो आणि चमचा-पोळपाटालाही चालतं. हार्डवेअरच्या दुकानातलं रंगकामाचं तेल खाण्याच्या वस्तूला लावू नये, त्यात लवकर वाळवणारी रसायनं असतात. आणि तेलाचं फडकं कधीही चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि घडीत कोंडलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. मी ते दोरीवर उलगडून वाळवते, मगच टाकते.

सात महिन्यांत काय काय झालं? मैत्रिणीच्या बेसा इथल्या नव्या घराची पाटी. चुलत भावाच्या लग्नात चावी अडकवायची फळी, त्यावर दोघांची नावं. एका बाईंनी शाळेच्या निरोप समारंभासाठी पन्नास कीचेन घेतले. ते पन्नास द्यायला मी ५९ केले. बाद झालेल्या नवांची नोंद वहीत आहे: चार गाठीमुळे, तीन ठिपका पडल्यामुळे, दोन भोक पाडताना फुटले. क्वालिटीतली सवय, ती जात नाही. लाकूड, पॉलिश पेपर, कड्या आणि वीज वजा जाता त्या कामात हातात २,१०० रुपये राहिले, तेही अकरा दिवसांच्या मेहनतीचे. यावर घर चालेल असं मी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या मोबाइलचं रिचार्ज, मुलाखतीला जायचं पेट्रोल आणि आईच्या गोळ्या मी त्यातून भागवल्या. बाबांकडे हात पसरावा लागला नाही, आणि ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी होती.

नोकरी शोधताना सगळ्यात जास्त त्रास नकाराने होत नाही. उत्तरच येत नाही, त्याने होतो. अर्ज पाठवायचा आणि दिवसभर फोन उलटा-सुलटा करायचा. पहाटेचं हे काम सुरू झाल्यापासून आठ वाजता माझ्यासमोर पूर्ण झालेली एखादी वस्तू असायची, आणि मग मी अर्ज भरायला बसायचे. एप्रिलपासून माझे अर्जही नीट जायला लागले. कंपनीची माहिती वाचून, प्रत्येकाला वेगळं पत्र.

गेल्या महिन्यात हिंगण्याच्या एका कारखान्यात मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, "डिसेंबरपासून काय केलं?" मी पर्समधला कीचेन टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून कड अंगठ्याने तपासली आणि विचारलं, "रिजेक्शन किती?" मी म्हटलं, "५९ मध्ये नऊ सर," आणि कारणं सांगितली. पुढची दहा मिनिटं आम्ही गाठीच्या लाकडावरच बोलत होतो. दुसरी फेरी येत्या मंगळवारी आहे.

एका ओळखीच्याकडे तारेच्या टोकाचं मशीन आहे, तेही मी दोन दिवस आणून वापरलं. त्यात ट्रान्सफॉर्मरचा वेगळा डबा असतो आणि टोक म्हणजे निक्रोम या मिश्रधातूची वाकवलेली तार. क्षणात तापतं, क्षणात गार होतं, बोटं टोकाच्या अगदी जवळ धरता येतात. चेहरे, पिसं, केस असं बारीक काम करायचं असेल तर तेच घ्या. पण किंमत माझ्या पेनाच्या चौपट-पाचपट. नवीन शिकणारीने आधी हाच साधा पेन घ्यावा, सहा महिने हात बसवावा. १,२४९ पैकी माझा एकही रुपया वाया गेला नाही. छाप मात्र मी शेजारच्या मुलीला देऊन टाकले.

सध्या तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा लाकडी नंदीचा सण, जवळ आलाय. भाच्याचा लाकडी नंदी दरवर्षी नागपूरच्या महाल भागातून रंगवलेला आणायचो. यंदा चाकांचा कोरा नंदी आणला आणि झूल मीच डागतेय. शिवणाच्या लाकडावर वेलबुट्टी, कपाळावर चंद्रकोर, वशिंडाच्या बाजूला त्याचं नाव. एक डोळा झालाय, दुसरा उद्या पहाटे. भाचा रोज संध्याकाळी फोन करून विचारतो, "मावशी, त्याले दिसते का आता?"