अकोल्याच्या उन्हात लोखंडी कूलर: घेण्याआधी हे वाचा

ज्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब आहे त्यांना आधीच सांगते: वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून बनवतात तो अठरा इंची पंख्याचा लोखंडी कूलर घ्या. चाकांचा, रिमोटवाला प्लास्टिकचा कूलर दिसायला छान असतो, पण आपल्या मे महिन्यापुढे तो टिकत नाही. एसी परवडत असला तरी दिवसभर उघडझाप होणाऱ्या खोलीसाठी हाच बरा. फक्त एक अट आहे आणि ती मी पुढे सविस्तर लिहिणार आहे: अर्थिंग तपासल्याशिवाय तो एक मिनिटही चालवायचा नाही.

मी डाबकी रोडला राहते, घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. 2024च्या मे महिन्यात पारा 45च्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी 31 मेपर्यंत कलम 144 लावलं, ते अकोलेकरांच्या लक्षात असेलच. कामगारांना पाणी, पंखा द्या आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच क्लास घेऊ नका, असा तो आदेश होता. मला तो अगदी योग्य वाटला. दहावीची पोरं भर दुपारी तोंडाला दुपट्टा बांधून सायकलवर यायची आणि आल्यावर पाच मिनिटं नुसती भिंतीला टेकून बसायची. पण आदेशानं क्लास थांबतो, घर थंड होत नाही. बाबांचं वय झालेलं, रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावला तर ती गरम. ते ओला पंचा अंगावर घेऊन कूस बदलत राहायचे. छतावरचा पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. तेव्हाच ठरवलं, पुढचा उन्हाळा असा काढायचा नाही.

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत मार्चपासूनच पत्रा ठोकायचे आवाज सुरू होतात. तिथल्या एका कारागिरानं आधी खोलीचं माप विचारलं, मग खिडकी कोणत्या दिशेला आहे ते, आणि मग समोरच्या बाजूला दुसरी खिडकी आहे का ते. कूलर दाखवायच्या आधी हे विचारणारा माणूस भेटला की मला विश्वास वाटतो. "ताई, खोलीले सोळा इंचीबी पुरते, पण वर स्लॅब आहे तं अठराच न्या," तो म्हणाला. साडेसात हजारांत स्टँडसकट सौदा झाला. पत्रा बावीस गेजचा, मोटर तांब्याच्या वाइंडिंगची, तीन बाजूंना वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक काड्यांच्या, ताट्या, खाली पाणी सोडायला तोटी. पातळ पत्र्याचा कूलर हजार रुपयांनी स्वस्त होता. पण अंगठ्यानं दाबला की पत्रा आत जात होता. असा पत्रा पंखा लागला की थरथरतो आणि सांध्यांतून गळायला लागतो.

आता गारव्याचं. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, अशी आमची मांडणी आहे. बाहेर 45 असताना कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर 29 दाखवतो, खोलीच्या मध्यावर 32–33. एसीसारखं 24 होत नाही, होणारही नाही. पण 45 मधून आत आलेल्या माणसाला 32ची वाहती हवा लागली की त्याचा चेहराच बदलतो. बाबा दुपारी दोन ते चार झोपायला लागले, मला तेवढं पुरे आहे. आठवीची एक मुलगी तर शिकवणी संपल्यावरही वही उघडून बसते, कारण तिच्या घरी पत्र्याचं छत आहे. मी तिला उठवत नाही.

हे जमतं ते आपली हवा कोरडी आहे म्हणून. ताटीवरून पाणी झिरपतं, गरम कोरडी हवा त्यातून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होताना उष्णता हवेतूनच घेतली जाते आणि हवा गार होते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. म्हणून 25 मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की हा कूलर सगळ्यात चांगला चालतो. आणि म्हणूनच समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर लावणाऱ्या घरांत तासाभरात चिकचिक होते आणि लोक कूलरला नावं ठेवतात. ती दमट हवा बाहेर जायला वाट तरी हवी ना! जूनमध्ये ढग आले की मात्र तो थकतो, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. रत्नागिरीच्या माझ्या मावसबहिणीनं फोटो पाहून असाच हवा म्हटलं, तिला मी साफ नको सांगितलं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे यंत्र कामाचं नाही.

पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण अकोल्यात खरी कसोटी तिथेच आहे. काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे कूलरला बोअरचंच पाणी घालावं लागतं. आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, आपल्याला नवा नाही. आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार मागेच राहतात. सकाळी टाकी भरायची, दुपारी कमी झाली की वरून बादली ओतायची, परत संध्याकाळी ओतायची, असं आठवडाभर केलं तर टाकीतलं पाणी मुळापेक्षा कितीतरी खारट होतं. ताटीच्या काड्यांवर पांढरा, खरखरीत थर चढतो. नखानं खरवडला तर चुन्यासारखा सुटतो. तो थर चढलेल्या जागी पाणी उतरत नाही, ताटी कोरडी पडते आणि तिथून गरम झोत आत येतो. पंपाची जाळीही बुजते. उपाय सोपा आहे: दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोटी उघडून सगळं पाणी सोडायचं, टाकी घासायची, नवं पाणी भरायचं. सोडलेलं पाणी आम्ही अंगण आणि संडास धुवायला वापरतो, झाडांना घालत नाही. यामुळे डासही होत नाहीत. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो, तेव्हा ही सफाई टाळू नका.

मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड हल्ली मिळतात. ते जास्त टिकतात असं विकणारा सांगेल. गोड्या पाण्यावर टिकतही असतील, पण खाऱ्या पाण्यानं त्यांची भोकं बुजतात आणि ते महाग असल्यामुळे जीव जळतो. वूडवूलच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदला, स्वस्त पडतं. वाळ्याची ताटी सुगंधाला उत्तम, बाबांची खोली असल्यानं मी एक बाजू वाळ्याची लावली आहे.

आता ती अट. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना बाई, भिजल्या फरशीवर उघड्या पायांनी खेळणारं लेकरू, अशाच बातम्या असतात आणि त्या वाचताना माझं रक्त खवळतं, कारण हे टाळता येतं. लोखंडी अंग, आत पाणी, आणि मोटरच्या वायरचं आवरण एका जागी जरी गेलं तरी सगळ्या पत्र्यात वीज उतरते. माझ्याकडे कूलर आला तेव्हा त्याला दोन पिनांचा प्लग होता. मी तो उतरवूनच घेतला नाही. दुकानदारानं कुरकुर केली, पण तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंगची वायर पत्र्याला नट-बोल्टनं कसून दिली. मग वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की ते नावापुरतंच उरतं. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. शिवाय 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहते. कूलरच्या किमतीत हा खर्च धरूनच बजेट करा. आणि पाणी भरायचं तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आमच्या घरात हा नियम बाबांनाही आहे.

उणिवा आहेत. आवाज मोठा आहे, फुल स्पीडवर मला फळ्याजवळून ओरडून शिकवावं लागतं, म्हणून क्लासच्या वेळी मधल्या स्पीडवर ठेवते. खिडकीतला उजेड अडतो. खाऱ्या पाण्यानं तळाला गंज धरतोच, मोसम संपला की घासून, सुकवून आतून डांबरी रंगाचा हात द्यावा लागतो. वीज मात्र फार खात नाही. पंखा आणि पंप मिळून दोन-अडीचशे वॅट, म्हणजे दीड टनी एसीच्या पाव हिश्शाहूनही कमी. तरी लाइट गेली की घरगुती इन्व्हर्टरवर तो फार वेळ ओढत नाही, तेव्हा छताचा पंखा आणि ओला पंचा आहेच.

घ्यायचा असेल तर फेब्रुवारीतच जा. एप्रिलमध्ये तोच कूलर हजार-दीड हजारानं चढतो आणि कारागिराला तुमचं ऐकायला वेळ नसतो. मोटरची वॉरंटी पक्क्या बिलावर लिहून घ्या, पंप जास्तीचा एक घरात आणून ठेवा. तो नेमका भर नवतप्यात जळतो आणि तेव्हा बाजारात मिळत नाही.