जुन्या घरात गरम पाण्याची सोय बदलताय? गिझर, सोलर, हीट पंप की आपला बंबच

बेळगावात शहापुरातलं आमचं घर कौलारू, पुढून अरुंद आणि मागं लांबच लांब, न्हाणी एकदम परसाच्या टोकाला. माणसं सात. बंब सोडून दुसरं काय घ्यायचं ह्यावर घरात दोन वर्षं चर्चा चालली होती, त्यातनं एक गोष्ट पक्की कळली की दुकानात जायच्या आधी छप्पर, वायरिंग आणि पाणी बघायचं. जुन्या घरात निर्णय तिथंच होतो, मशीन नंतर.

गॅस गिझर स्वस्त पडतो हे खरं आहे, १०० लिटर पाणी तापायला साधारण ३०० ग्रॅम गॅस लागतो आणि वाट बघायला लागत नाही. पण आपल्या जुन्या न्हाण्या म्हणजे हातभर झरोका आणि जाड भिंती, त्यात कार्बन मोनॉक्साइड साठला तर वास नाही, रंग नाही, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्यावर बसवून नुसता पाइप आत घेता येत असेल तरच विचार करा, नाहीतर नकोच.

करंटचा गिझर आणायला सोपा. १५ लिटरचा, २००० वॅटचा, पाव तासात पाणी तयार. आमच्याकडं वायरमननं तो लाइटच्याच जुन्या वायरीवर जोडून दिला आणि महिन्याभरात प्लगची एक पिन काळी पडली, प्लास्टिक मऊ झालेलं, हात लावला तर चटका. २००० वॅट म्हणजे ९ अँपिअर, त्याला बोर्डापासून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि खरं अर्थिंग पाहिजेच, हा खर्च गिझरच्या किमतीत धरा. दुसरं म्हणजे बिल. सात माणसांना रोज १०० लिटर कढत पाणी धरलं तर सव्वातीन युनिट, महिन्याला जवळजवळ १०० युनिट एकट्या आंघोळीचे, आणि गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, २०० युनिटच्या वर गेलात की त्या महिन्याचं बिल पूर्ण भरायचं, मग गिझर स्वस्त कुठं राहिला? दोन-तीन माणसांच्या घराला मात्र हाच बरा, उगाच मोठं काही घेऊ नका.

सोलर मला मनापासून आवडतो, पण कौलावर तो बसत नाही हे आधी ऐका. २०० लिटरची टाकी भरली की सगळं मिळून पाव टनाच्या वर वजन, जुने वासे ते पेलत नाहीत, तेव्हा मागं एखाद्या खोलीवर स्लॅब असेल तर ठीक, नाहीतर जमिनीतनं लोखंडी स्टँड उभारा. त्यात गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर पाहिजे, ही गोष्ट विकणारे शेवटी सांगतात. काच दक्षिणेकडं, आणि शेजारच्या आंब्याची सावली हिवाळ्यात कुठवर येते ते बघून घ्या. बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या ट्यूबचा घ्या, सपाट पॅनेलच्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारानं तुंबतात. पण माडाखाली ट्यूब नको, एक नारळ पडला की संपलं. आणि अंतर! पाऊण इंची ४० फूट पाइपात तीनेक लिटर पाणी गार होऊन बसतं, सकाळी प्रत्येकजण ते आधी सोडून देतो. म्हणून टाकी न्हाणीच्या डोक्यावरच असावी, पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) आणि वरनं फोमचं वेष्टण. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, ते चार महिने सोलर धरूच नका, दुसरी सोय लागतेच.

हीट पंप म्हणजे उलटा एसी, हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, एक युनिट करंटमध्ये तीनेक युनिटचं काम. आपल्याकडची थंडी त्याला काहीच जड नाही, पावसातही चालतो, गिझरचे ते महिन्याचे १०० युनिट ३५ वर येतात. किंमत मात्र गिझरच्या कितीतरी पट, आणि त्याला मोकळी हवा लागते, कोंदट खोलीत ठेवला तर स्वतःच खोली गार करून मग कुथत बसतो. एकत्र कुटुंब आहे, स्लॅब नाही, पण मागं पडवी आहे, अशांनी हाच घ्यावा असं माझं मत.

आमच्या स्वयंपाकघरावर स्लॅब होता म्हणून आम्ही ट्यूबचा सोलर घेतला आणि पावसाळ्यासाठी न्हाणीत नव्या वायरीवर तोच १५ लिटरचा गिझर, मध्ये एक वॉल्व्ह. बंब मोडीत द्यायचा विषय निघाला तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "मी असेपर्यंत नाही." नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, शेजारचे कन्नड लोक ज्याला नीरु तुंबुव हब्ब म्हणतात त्या रात्री, तो चिंचेनं घासून, पाणी भरून, चुन्याचे पट्टे ओढून, कारिटाचा वेल गुंडाळून ठेवतो, आणि पहाटे तेवढ्यापुरतं जळण अजून परसातच फोडतो.